पिंजऱ्याबाहेरचे दार

‘आमची मनी तसली नाही हो,’ हे वाक्य मांजर आणि पक्षी दोन्ही पाळणाऱ्या घरात हमखास ऐकायला मिळते. कुत्रा असेल तर मनीच्या जागी टायगर येतो, बाकीचे वाक्य तेच. बोलणारा खोटे बोलत नसतो. मनी खरोखर गुणी असते, महिनोन्‌महिने पिंजऱ्याशेजारी पसरून झोपते, आत कितीही चिवचिवाट झाला तरी कान हलवण्यापलीकडे काही करत नाही. माझे म्हणणे एवढेच की पक्ष्याच्या जिवाचा विचार मनीच्या स्वभावापासून सुरूच करू नये. तो पक्ष्याच्या शरीरापासून सुरू करावा, तिथून घराच्या दारा-खिडक्यांकडे यावे, आणि मनीच्या गुणांची चर्चा अगदी शेवटी, वेळ उरलाच तर करावी. घरच्याच प्राण्यामुळे पक्षी जातो तेव्हा बहुतेक वेळा हा क्रम उलटा लागलेला असतो. माणसे प्राण्याची नियत तोलत बसतात, आणि नियत साफ आहे असे ठरले की कडी लावायची राहून जाते.

बजरिगरचे वजन भरते ३० ते ४० ग्रॅम, कॉकटीलचे शंभराच्या आत-बाहेर. पक्ष्याच्या अंगात रक्त असते ते वजनाच्या साधारण १० टक्के. म्हणजे बजरिगरच्या सगळ्या देहात मिळून ते तीन-चार मिलिलिटर. चहाचा चमचाही त्याने भरायचा नाही. त्यातले दहा-पंधरा थेंब गेले तरी मामला गंभीर. श्वासाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. आपल्यासारखे श्वासपटल पक्ष्याला नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच त्याच्या शरीरात हवा खेळते; ते हाड कोणी दाबून धरले की श्वास बंद. त्यामुळे कुत्र्याने न चावता, अगदी अलगद तोंडात धरलेला पक्षीही अंगावर ओरखडा नसताना मरू शकतो. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या त्याच्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात, काही हाडांतही शिरलेल्या असतात. दात किंवा नख त्यांतल्या एखादीला लागले की हवा कातडीखाली साचते आणि पिसांखाली फुगा आल्यासारखा दिसतो. आणि एवढे सगळे टळले तरी जंतू उरतातच. पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जीवाणू बहुसंख्य मांजरांच्या तोंडात सुखाने नांदतो. मांजराला त्याचा काही त्रास नसतो. पक्ष्याच्या रक्तात तो शिरला की एक-दोन दिवसांत सर्वांगात विष पसरते. मांजराचा सुळा सुईसारखा असतो, त्याचे भोक पिसांच्या दाटीत दिसत नाही. शिवाय दुखणे लपवणे हा पक्ष्याचा उपजत स्वभाव. संध्याकाळी तो दाणे टिपताना दिसतो, घरचे म्हणतात वाचला बिचारा, आणि दुसऱ्या दिवशी तो पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला असतो.

हे शरीर डोळ्यांसमोर ठेवले की प्रश्नच बदलतो. मनी वर्षातले ३६४ दिवस नीट वागते का, याला फारशी किंमत राहत नाही. उरलेल्या एका दिवशी, एका सेकंदात काय होईल, एवढेच विचारायचे असते. कुत्रे आणि मांजर यांच्यात झटापट झाली तर दोघेही ओरखड्यांवर निभावतात. समेट होतो, पुढे मैत्रीही होते. पक्ष्याच्या बाबतीत चूक सुधारून पुन्हा सुरुवात करायची सोय नाही. शिकवून, सवय लावून, हळूहळू ओळख करून देऊन प्राण्यांना एकत्र नांदवायची जी रीत आपण इतर वेळी वापरतो, तिच्यात शिकताना चुका होणार हे गृहीतच धरलेले असते. इथे त्या चुकांना जागा नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा. दोन वेळ दूध-भात आणि वर बांगड्याचे डोके मिळणारे मांजर कशाला पक्ष्याच्या वाटेला जाईल? पण मांजराची शिकार भुकेला बांधलेली नाही. १९७६ मध्ये रॉबर्ट अॅडमेक या संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरे आवडीचे खाणे खात असताना त्यांच्यापुढे जिवंत उंदीर सोडला. मांजरांनी खाणे अर्धवट टाकून उंदीर मारला आणि पुन्हा खायला बसली. यात तर्क आहे. जंगलात बऱ्याच झडपा वाया जातात, तेव्हा भूक लागेपर्यंत थांबणारा शिकारी उपाशी मरतो. मांजराच्या डोक्यात भूक आणि झडप यांच्या तारा वेगळ्या आहेत. कुत्र्याचे प्रकरण थोडे निराळे. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने कुत्र्यांच्या जातींचा अभ्यास करून दाखवले की शिकारीची साखळी, म्हणजे हेरणे, रोखून पाहणे, दबा धरत जाणे, पाठलाग, पकड आणि मारक चावा, माणसाने प्रत्येक जातीत वेगवेगळ्या ठिकाणी तोडली किंवा ताणली आहे. बॉर्डर कॉलीत पाठलागापर्यंतचा भाग प्रबळ, टेरिअरमध्ये पकडून झटकणे प्रबळ. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचा कारवान किंवा पश्मी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. डोळ्यांपुढून काही झपकन गेले की त्याचे पाय हुकुमाची वाट पाहत नाहीत. घरोघरचा लाडका लॅब्रेडॉर तर पडलेले बदक पाण्यातून उचलून आणण्यासाठीच घडवलेला. ‘त्याचे तोंड मऊ असते,’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण तो मऊपणा किलोभर वजनाच्या, आधीच मेलेल्या बदकासाठीचा आहे. ३५ ग्रॅमच्या जिवंत पक्ष्याला तो मऊ वाटेल असे नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ‘लहानपणापासून एकत्र वाढली आहेत.’ याला पुरावा आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांजराच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्ले पुढे उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेल्या २० पैकी ९ मारू लागली. आणि उंदराबरोबरच एका पिंजऱ्यात वाढलेल्या १८ पैकी फक्त ३. म्हणजे सहवासाने फरक पडतो, चांगलाच पडतो. पण हाच आकडा पक्षी पाळणाऱ्याने उलट बाजूने वाचावा. इतक्या काटेकोर, पाळण्यापासूनच्या सहवासानंतरही १८ मध्ये ३ शिकारी निघालेच. शिवाय हा सहवास कधी घडला, याला महत्त्व आहे. मांजराच्या पिल्लाचे मन ओळखी करायला खुले असते ते वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. आपल्या घरात मांजर येते ते बहुधा त्यानंतर, जिन्याखालून किंवा शेजाऱ्यांकडून, निम्मे शिक्षण बाहेर उरकून. ‘लहानपणापासून’ म्हणताना आपण मोजतो ते आपल्या घरातले लहानपण.

त्यातही एक गफलत आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक पक्षी याच गफलतीने जातात. दांडीवर बसून बडबडणारा पक्षी आणि फरशीवर पंख फडफडवत घसरणारा पक्षी ही माणसाच्या लेखी एकच गोष्ट आहे, मांजराच्या लेखी दोन. पहिली खोलीतले सामान, दुसरी शिकार. वर्षभर पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे ढुंकूनही न पाहणारे मांजर त्या वर्षात फडफडणाऱ्या पक्ष्याला एकदाही सामोरे गेलेले नसते. त्या वर्षाचा दाखला या क्षणाला लागू पडत नाही. पंखांची पिसे कापलेला पक्षी तर अशा घरात दुहेरी अडकतो: त्याला उंच उडून निसटता येत नाही आणि तो पडतो नेमका फरशीवर, फडफडत. ज्या घरात कुत्रा-मांजर आहे त्या घरात पक्ष्याचे पंख कापू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खिडकी उघडी राहून पक्षी उडून जाईल या भीतीने ते कापले जातात. त्यावर उपाय खिडकीला जाळी हा आहे.

मोबाइलवर पोपट मांजराचा कान खाजवतो, बजरिगर कुत्र्याच्या नाकावर बसतो, असले व्हिडिओ दिवसभर फिरत असतात. त्यांतले खोटे किती हा वाद सोडा, सगळे खरे धरा. ज्या घरात गोष्ट बिघडली त्या घराने व्हिडिओ टाकलेला नसतो, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. त्यापेक्षा वेगळे ठेवण्याचे एक उदाहरण पाहा. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. जीवदया हेच त्या संस्थेचे अधिष्ठान. तिथेही घार-ससाण्यासारख्या मांसाहारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार होतात, धान्य खाणाऱ्या रुग्णांच्या शेजारी त्यांना दाखल करून घेत नाहीत. दयेत कुठे कमतरता आहे म्हणून ही व्यवस्था केलेली नाही.

‘पण पिंजरा आहे ना!’ हा तिसरा आक्षेप, आणि बहुतेक घरांत विचार इथेच थांबतो. पिंजऱ्याचे गज पक्ष्याला आत ठेवण्यासाठी असतात, नखाला बाहेर ठेवण्यासाठी नसतात. बजरिगरच्या पिंजऱ्यात दोन गजांमध्ये अर्धा इंच अंतर असते. मांजराचा पंजा त्यातून पूर्ण जात नसला तरी नखे जातात, आणि घाबरलेला पक्षी नेमका गजांना लटकतो. पायाची बोटे, शेपटीची पिसे, पंखाचे टोक हेच मग हाती लागते. शिवाय हल्ला न होताही पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे नुकसान होत असते. मांजर समोर बसले की त्याच्याकडे कधी नीट पाहा. चिवचिव थांबते. पिसे अंगाला चिकटतात, एरवीचा गुबगुबीत पक्षी निम्म्याने बारीक, उभट दिसू लागतो. मान ताठ, एक डोळा मांजरावर रोखलेला, दांडीवरच्या बोटांचीही हालचाल नाही. पाहुणे म्हणतात, बघा कसा शांत झाला. ती शांतता दातखीळ बसल्याची असते. आता समोरच्या मनीकडे पाहा: पोट जमिनीला टेकलेले, बुबुळे विस्फारलेली, शेपटीचे फक्त टोक हलते आहे, आणि मधूनच जबड्यातून कटकट असा बारीक आवाज. यालाही घरचे प्रेमाने ‘बोलते त्याच्याशी’ म्हणतात.

या भीतीची किंमत मोजली गेली आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर लियाना झॅनेट आणि सहकाऱ्यांनी सॉन्ग स्पॅरो या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांना जाळी आणि विजेचे कुंपण घालून खऱ्या शिकाऱ्यांपासून पूर्ण वाचवले, आणि विणीच्या हंगामात फक्त शिकारी प्राण्यांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नुसत्या आवाजाने त्या पक्ष्यांची पिल्ले ४० टक्क्यांनी घटली. एकालाही कोणी शिवले नव्हते. इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे ब्लॅकबर्डच्या घरट्याजवळ पेंढा भरलेले मांजर जेमतेम १५ मिनिटे ठेवले, तर पुढचा दीड तास आई-बापांचे पिल्लांना भरवणे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी झाले. हे पक्षी रानातले, मांजर दिसले तर उडून जाऊ शकणारे. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला मांजर रोज आठ तास दिसते आणि जायला जागा नसते. पिसे उपटणारा, रात्री अंधारात अचानक पिंजऱ्यावर आदळणारा कॉकटील डॉक्टरांना दाखवला जातो तेव्हा आहार, उजेड, एकटेपणा यांची चौकशी होते. खोलीत आणखी कोण कोण असते, हेही विचारायला हवे. म्हणून पिंजऱ्याला मी सुरक्षिततेची व्यवस्था मानत नाही. ते पक्ष्याचे अंथरूण-पांघरूण. व्यवस्था सुरू होते ती त्या खोलीच्या दारापासून.

मधले उपायही लोक सांगतात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा गोष्टीतला प्रश्न आपल्याकडे जुना. बांधली तरी फारसा फरक पडत नाही, हे २०२१ मध्ये कळले. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या साडेतीनशेवर पाळीव मांजरांवर केलेल्या अभ्यासात घंटेचा शिकारीवर लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही. त्याच अभ्यासात मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाणे दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोज पाच-दहा मिनिटे दोरी-पिसाने खेळवल्यावर २५ टक्क्यांनी घटली. दोन्ही गोष्टी जरूर कराव्यात. मांजर त्याने सुखी होते, फ्लॅटमधले तर जास्तच. पण घट झाली म्हणजे उरली किती, तेही पाहावे. एकच पक्षी असलेल्या घरात पंचवीस टक्क्यांचा काय हिशेब मांडणार? कुत्र्याला ‘जागेवर’ म्हटले की बसायला शिकवणे हे त्याच जातीचे. शिकवावे, उपयोग होतो. पण ते दुसरे कुलूप आहे, पहिले नाही.

तेव्हा नियम एकच: पक्षी आणि शिकारी यांच्यामध्ये कोणत्याही क्षणी दोन अडसर असावेत, आणि त्यांतला एक तरी भिंत किंवा दार असावा. पक्षी पिंजऱ्यात असेल तर पिंजरा हा एक आणि खोलीचे दार हा दुसरा. पक्षी मोकळा असेल तर खोलीचे दार हा एक, आणि मांजर दुसऱ्या खोलीत कडी लावून बंद हा दुसरा. वन बीएचकेत हे कसे जमणार, असे विचारले जाते. जमते, पण बैठकीची खोली त्यासाठी चालत नाही, कारण तिथून सगळ्यांचा वावर. पक्ष्याला आतली खोली द्यावी. तिच्या दाराला स्वतःहून मिटणारी स्प्रिंग आणि वरच्या बाजूला कडी लावून घ्यावी. खालची मूठ लॅब्रेडॉर पंजाने उघडतो, लोंबकळून मांजरही उघडते. हवा खेळती राहायला लाकडी चौकटीत लोखंडी वेल्ड मेश मारलेले जादा दार सुतार करून देतो. मच्छरजाळीचे दार यासाठी धरू नये, मांजराच्या नखापुढे ती जाळी एक दुपार टिकते. सोसायट्यांच्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळीही तशीच. ती कबुतर अडवते, बोका अडवत नाही. आणि बोका हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. घरच्या मनीवर डोळे ठेवून बसलेल्या कुटुंबाचा पक्षी कित्येकदा बाहेरचा बोका नेतो, पहाटे, गॅलरीतल्या ग्रिलमधून. कोकणातल्या कौलारू घरात यात धामण आणि मुंगूस यांचीही भर पडते. पिंजरा रात्री गॅलरीत किंवा पडवीत ठेवू नये, याला अपवाद नको.

पिंजऱ्याविषयी थोडे. तो छताला टांगू नये. टांगलेला पिंजरा झोके घेतो, मांजर सहज पाच-सहा फूट उडी मारते, आणि त्याच्या वजनाने हूक सुटला की पिंजरा खाली आदळून तळाचा ट्रे निघतो. पुढचे सांगायला नको. भिंतीत खिळवलेल्या ब्रॅकेटवर किंवा जड पायाच्या स्टँडवर, दोन बाजूंना भिंती येतील अशा कोपऱ्यात तो असावा, म्हणजे पक्ष्याला पाठ टेकायला जागा मिळते. जवळ सोफा, फ्रिज, कपाट अशी उडीची पायरी नको. वर सरकणारी छोटी दारे लव्हबर्ड चोचीने उचलतात, म्हणून प्रत्येक दाराला लहानशी स्प्रिंगची कडी अडकवावी. ट्रेलाही चिमटा लावावा, लोक तो नेमका विसरतात.

इतके करूनही अपघात होतो तो दाराच्या नव्हे, माणसांच्या फटीतून. कामाला येणाऱ्या मावशी केर काढताना दार उघडे टाकतात, कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते. सुट्टीला आलेली भाचरे पोपट दाखवा म्हणून आत शिरतात आणि पाठोपाठ टायगर. दिवाळीत फटाक्याने बिथरलेला कुत्रा ज्या खोलीत कधी जात नाही त्याच खोलीत घुसतो. म्हणून पक्षी बाहेर काढायचा असेल तर ते काम घरातल्या एकाच माणसाचे असावे, आणि त्याने आधी मांजर कुठे आहे, कुत्रा कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावे. ‘असेल तिकडेच’ चालणार नाही. यात प्राण्यावर अविश्वास कसला? झोपताना आपण गॅसचा रेग्युलेटर बंद करतो तेव्हा गॅसने आपले काही वाईट केलेले नसते.

‘मग मांजराला सारखे कोंडायचे, पक्ष्यालाही कोंडायचे, हा कसला लळा?’ हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. याला उत्तर असे की ज्या घरात दाराने वाटणी करून प्रत्येकाला दिवसाचे काही तास मोकळे मिळू शकतात, तिथे ते कोंडणे होत नाही. सकाळी पक्षी, दुपारनंतर मांजर असे वेळापत्रक प्राणी आठवडाभरात पत्करतात. आणि ज्या घरात ते शक्यच नाही, एकच खोली आहे, किंवा घरातली माणसे दिवसभर बाहेर आणि दारे उघडी, त्या घराने मांजर असताना पक्षी आणू नये. हे कडू वाटेल, पण पाळण्याची हौस हा पक्ष्याला धोक्यात ठेवण्याचा परवाना होत नाही. जाता जाता हेही सांगायला हवे की हिरवा, गळ्यात कंठ असलेला आपला देशी पोपट आणि डोंगरी मैना घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाच आहे, मांजर असो वा नसो. ही चर्चा बजरिगर, कॉकटील, लव्हबर्ड अशा परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेल्या पक्ष्यांपुरती.

आणि तरीही पंजा लागलाच, तर? अंगावर जखम दिसत नाही म्हणून थांबू नये. मांजराच्या तोंडात किंवा नखात पक्षी क्षणभर आला असेल, तर त्याला मांजर चावले आहे असेच धरायचे. हातात घट्ट धरू नये, छाती दाबली जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडके घालून त्यात ठेवावा, अंधार आणि शांतता द्यावी, साधारण ३० अंशांची ऊब राहील असे पाहावे. मुंबईच्या उन्हाळ्यात ती आपोआप मिळते, पुण्या-नाशिकच्या थंडीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला लागते. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. हळद, माणसांच्या गोळ्या, घरातले उरलेले अँटिबायोटिक यांपैकी काही नको. लागते ते पक्ष्याच्या वजनाला मोजून दिलेले अँटिबायोटिक, तेही त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत. अडचण अशी की आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य कुत्र्या-मांजरांचे. पक्ष्यांचे जाणकार मोठ्या शहरांतही मोजकेच, आणि रविवारी संध्याकाळी ते शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून घरात कुत्रा-मांजर असेल आणि पक्षी आणायचे मनात असेल, तर पिंजऱ्याची किंमत विचारण्याआधी आपल्या गावात पक्ष्यांवर उपचार कोण करते, त्यांची वेळ काय, रात्री फोन उचलतात का, हे विचारून घ्या आणि तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.